बोल्ट घट्ट बंद होतोय? डायला हात लावण्याआधी पुंगळी काळी करून बघा

सप्टेंबर संपत आला की अमेरिकेतल्या ओळखीच्या शिकारी मंडळींकडून दरवर्षी तीच तक्रार ऐकू येते. घरी भरलेलं काडतूस रायफलीच्या चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसण्याच्या जागेत) जातं, पण मागून ती जागा बंद करणाऱ्या बोल्टचा दांडा खाली आणताना शेवटच्या टप्प्यात जोर लागतो. काही काडतुसं तर बंदच होत नाहीत. त्याच रायफलीत फॅक्टरीचं काडतूस सहज बसतं. मग माणूस प्रेसमधला (दाबयंत्रातला) साइझिंग डाय, म्हणजे झाडलेली पितळी पुंगळी दाबून परत मापात आणणारा साचा, अजून पाव फेरा खाली घेतो. कधी त्याने भागतं, कधी काहीच फरक पडत नाही, आणि कधी आजचा घट्टपणा जाऊन तीन-चार वापरांनंतर पुंगळी बुडाजवळ तुटते. ही तिसरी गत सगळ्यात वाईट, आणि ती टाळता येते म्हणूनच एवढं सविस्तर लिहितोय.

हे लिखाण अमेरिकेत, किंवा जिथे काडतुसं घरी भरणं आणि हरणाची शिकार दोन्ही कायदेशीर आहे तिथे राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. भारतात विनापरवाना काडतूस बनवणं हत्यार कायदा, १९५९ नुसार गुन्हा आहे आणि शिकारीला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ ची बंदी आहे. तिथे यातलं काही करायचं नाही. दारूची वजनंही इथे देत नाही. ती छापील लोड मॅन्युअलमधूनच घ्या.

आधी एक फरक स्पष्ट करून घ्या. बोल्ट बंद होताना जड जातो की गोळी झाडल्यावर उघडताना? हे दोन वेगळे रोग आहेत. बंद होताना जड जात असेल तर काडतुसाचं कुठलं तरी माप चेंबरपेक्षा मोठं आहे. उघडताना दांडा उचलायला जोर लागत असेल, प्रायमर (बुडातली, दारू पेटवणारी टोपी) सपाट होऊन कडांपर्यंत पसरला असेल, पुंगळीच्या बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत ठसा उमटला असेल, तर दाब जास्त झालाय. त्या दिवशी ती बॅच पुढे झाडायची नाही. राहिलेली काडतुसं घरी नेऊन गोळ्या उपसून काढायच्या आणि दारूचं माप पुन्हा तळापासून वर आणायचं. त्यावर डाय फिरवणं हा उपाय नाही. खाली जे आहे ते पहिल्या रोगाबद्दल आहे.

आणि जोर लावून बोल्ट बंद करू नका. भरलेलं काडतूस अर्ध्यात अडकलं की ते बाहेर काढणं हेच मोठं संकट होऊन बसतं. दांड्यावर हातोडी किंवा लाकडाचा ठोकळा मारणारी माणसं मी पाहिली आहेत. तेव्हा समोर जिवंत प्रायमर असतो हे ती विसरतात.

तपासणीची सुरुवात रायफलीपासून करा. चेंबर पुसून घ्या. डायचं वंगण नीट न पुसता काडतुसं वापरली की ते चेंबरच्या भिंतीवर बसतं, त्यात पितळेचा चुरा आणि काजळी मिसळते आणि वर्षभरात चांगला थर तयार होतो. बोल्टच्या लग्जमागची (बोल्ट अडकवून धरणाऱ्या दातांमागची) जागाही पुसा आणि तिथे किंचित ग्रीस लावा. एवढं करून फॅक्टरीचं काडतूस सहज बसतंय का ते बघा. ही चाचणी रेंजवर, नळी मातीच्या बांधाकडे रोखून करायची, घरात नाही. फॅक्टरीचंही जड जात असेल तर रायफल बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे न्या. दोष तुमच्या भरण्यात नाही.

फॅक्टरीचं सहज बसतंय, तुमचं नाही, अशी खात्री झाली की मग खरं काम. बोल्ट बाहेर काढून फायरिंग पिन आणि तिची स्प्रिंग उतरवा. रेमिंग्टन ७०० सारख्या रायफलीत बोल्टच्या तोंडात स्प्रिंगवाला इजेक्टर असतो, तोही पिन ठोकून काढता येतो. कसं काढायचं ते रायफलीच्या पुस्तिकेत बघा, जमत नसेल तर दुकानातून काढून आणा. या स्प्रिंगा गेल्या की हाताला खरं कळायला लागतं. रिकाम्या चेंबरवर बोल्टचा दांडा स्वतःच्या वजनाने खाली पडतो. आता आत पुंगळी घालून तो कुठे थबकतो हे बोटाला जाणवतं. स्प्रिंगा आत ठेवून केलेल्या चाचणीत त्यांचाच जोर हाताला लागतो आणि माणूस चुकीचा निष्कर्ष काढतो.

या चाचणीसाठी पुंगळी रिकामी हवी: साइझ केलेली, प्रायमर नसलेली, दारू नसलेली. काळ्या मार्करने ती बुडापासून तोंडापर्यंत रंगवा. मार्कर नसेल तर मेणबत्तीची काजळी धरा. जुने लोक तेच करायचे आणि ती मार्करपेक्षा बारीक खूण दाखवते. पुंगळी आत घाला, बोल्ट हळू बंद करा, उघडा, बाहेर काढा. जिथला रंग घासून पितळ उघडं पडलंय तिथे ती चेंबरला टेकतेय. आता अंदाज करायची गरज उरत नाही.

रंग खांद्यावर, म्हणजे पुंगळीचं रुंद अंग निमुळतं होऊन गोळी धरणाऱ्या अरुंद मानेला मिळतं तिथे, गोल पुसला गेला असेल, तर बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर जास्त आहे. सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं, त्यामुळे इथे जरा थांबू.

डाय आणि शेल होल्डर (पुंगळीचं बूड खालून धरणारा तुकडा) यांच्यात थोडी फट राहिली आहे अशी कल्पना करा. पुंगळी डायमध्ये शिरते तेव्हा आधी तिचं अंग दाबलं जातं. दाबलेल्या पितळेला कुठेतरी जायचं असतं, ते वर सरकतं आणि खांदा पुढे जातो. डायचा खांदा अजून पुंगळीच्या खांद्याला टेकलेलाच नसतो, त्यामुळे त्याला मागे ढकलणारं काही नसतं. परिणामी, थोडीशी साइझ केलेली पुंगळी न साइझ केलेल्या पुंगळीपेक्षा लांब होते. समजा झाडलेली पुंगळी कंपॅरेटरवर (बुडापासून खांद्यापर्यंतचं अंतर मोजायच्या साधनावर) १.६३० इंच दाखवत होती, तर अर्धवट साइझ केल्यावर ती १.६३२ दाखवू शकते. ‘साइझ केलं तरी घट्ट’ म्हणून चक्रावलेल्या बहुतेकांची हीच अडचण असते. डाय आणखी थोडा खाली घेतला की डायचा खांदा टेकतो आणि आकडा झपकन उतरायला लागतो.

किती उतरवायचा? बोल्ट अ‍ॅक्शनच्या शिकारी रायफलीत झाडलेल्या पुंगळीपेक्षा दोन ते तीन थाऊ, म्हणजे ०.००२ ते ०.००३ इंच, पुरे. स्वयंचलित भरणाऱ्या रायफलीत तीन ते पाच थाऊ. डायसोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं: शेल होल्डरला टेकेपर्यंत खाली आणा आणि त्यापुढे आणखी एक अष्टमांश ते पाव फेरा खाली द्या. हा सल्ला सगळ्या रायफलींसाठी सरसकट दिलेला आहे, तुमच्या चेंबरसाठी नाही. रीलोडिंगच्या डायला इंचाला १४ आटे असतात, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात डाय सुमारे ७१ थाऊ सरकतो. पाव फेरा म्हणजे जवळपास १८ थाऊ. दोन थाऊ हवे असतील तर डाय फक्त १० अंश फिरवायचा असतो. लेथवर काम केलेल्या माणसाला हे लगेच पटतं, बाकीच्यांनी डायच्या डोक्यावर मार्करची रेघ मारून ठेवावी.

मोजायला व्हर्नियर आणि त्याला लागणारा हेडस्पेस कंपॅरेटर घ्या. त्यावरचा आकडा चेंबर तपासायच्या गेजच्या आकड्याशी जुळेलच असं नाही, तो फक्त झाडलेल्या आणि साइझ केलेल्या पुंगळीतला फरक बघण्यासाठी आहे. झाडलेली पुंगळी मोजण्याआधी जुना प्रायमर काढा, तो किंचित बाहेर आलेला असतो आणि माप बिघडवतो. एकदाच झाडलेल्या पुंगळीचं मापही फसवं असतं, कारण पहिल्या वेळी पितळ चेंबरभर पसरतंच असं नाही. दोन-तीनदा वापरलेली, त्याच रायफलीतली पुंगळी प्रमाण माना.

डाय शेल होल्डरला टेकवून लॉक केला, तरी खांदा मागे जात नाही? मग वंगण लावलेली पुंगळी डायमध्ये असताना, रॅम (प्रेसचा वरखाली होणारा दांडा) पूर्ण वर असताना, शेल होल्डर आणि डाय यांच्यात बॅटरीचा उजेड टाकून बघा. रिकाम्या प्रेसवर दिसत नाही अशी फट तिथे दिसेल. ताणाखाली प्रेस थोडा वाकतो. तेवढ्यापुरता डाय आणखी खाली घ्या. फट अजिबात नसतानाही खांदा मागे जात नसेल, तर दोन कारणं उरतात. एक, वंगण असमान लागलंय. कमी वंगणाची पुंगळी डायला घासत जाते आणि तिचं माप शेजारणीपेक्षा वेगळं येतं. (जास्त वंगण खांद्यावर साचलं की खळगे पडतात, तेही नको.) दोन, पितळ कडक झालंय. प्रत्येक वापरात आणि प्रत्येक साइझिंगमध्ये ते कडक होत जातं आणि डायमधून बाहेर येताच थोडं परत फुगतं. त्यामुळे गेल्या वर्षी बरोबर असलेलं डायचं सेटिंग त्याच पुंगळ्यांना यंदा अपुरं पडतं. रॅम वर असताना चार-पाच सेकंद थांबल्याने थोडा फरक पडतो. मान आणि खांदा तापवून मऊ करता येतात, पण चुकून बुडापर्यंत उष्णता गेली तर ती पुंगळी दाब झेलू शकत नाही. ज्याला हे साधनांसह शिकवलं गेलेलं नाही त्याने हरणाच्या मोसमासाठी नवीन पुंगळ्या घ्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे.

फक्त मान साइझ करण्याचा मोह शिकाऱ्याने टाळावा. पितळ जास्त टिकतं, नेम चांगला लागतो असं सांगतात. पण काही वापरांनंतर अंग आणि खांदा दोन्ही चेंबरला घासू लागतात आणि बोल्ट जड होतो. रेंजवर ते चालून जातं. नोव्हेंबरच्या थंडीत, हातमोजे घालून, दुसरी गोळी लगेच भरायची असताना चालत नाही.

आता उलट चूक, जी मला जास्त धोक्याची वाटते. घट्टपणाला कंटाळून डाय भरपूर खाली घेतला की बोल्ट छान बंद होतो आणि माणूस निश्चिंत होतो. खांदा मात्र आठ-दहा थाऊ मागे गेलेला असतो. झाडताना फायरिंग पिन पुंगळीला पुढे ढकलते, दाब चढला की पुढचं पातळ पितळ चेंबरच्या भिंतीला घट्ट धरतं आणि जाड बूड मागे बोल्टपर्यंत ताणलं जातं. ताण पडतो तो बुडापासून साधारण दोन-तीन सूत वर. दर वापराला तिथलं पितळ पातळ होतं, आधी बाहेरून चकचकीत कडं दिसतं, आणि एके दिवशी पुंगळी तिथे दोन तुकडे होते. गरम वायू मागे, नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. हे बाहेरून दिसण्याआधी आतून कळतं. कागदाची पिन सरळ करून टोकाला काटकोनात अगदी थोडी वाकवा, आत घालून बुडाकडून वर भिंतीवरून ओढा. टोक खाचेत अडकल्यासारखं झालं तर ती पुंगळी चेपून टाका, म्हणजे चुकून परत वापरात येणार नाही. आणि त्या बॅचमधली प्रत्येक पुंगळी तशीच तपासा.

.३०८ विंचेस्टरमध्ये चेंबरची लांबी तपासायचा गो गेज (यावर बोल्ट बंद व्हायला हवा) १.६३० आणि नो-गो (यावर होता कामा नये) १.६३४ इंचांचा असतो. चार थाऊंचा फरक. डायच्या २० अंशांत तेवढा होतो. यावरून डाय ‘थोडासा’ फिरवणं म्हणजे काय ते लक्षात यावं.

काळा रंग खांद्यावर शाबूत आहे, पण बुडाजवळ अंगावर पुसला गेलाय, असं दिसलं तर पुंगळ्या कुठून आल्या ते आठवा. रेंजवर वेचलेलं पितळ दुसऱ्या कुणाच्या सैल चेंबरमध्ये फुगलेलं असतं, आणि ७.६२×५१ चं लष्करी पितळ मशिनगनमधून आलेलं असेल तर विचारूच नका. साधा डाय अगदी बुडापर्यंत पोचत नाही. त्यासाठी स्मॉल बेस डाय मिळतो. लष्करी पितळ जाडही असतं, आतली जागा कमी, त्यामुळे त्याच दारूला दाब जास्त. शिकारीसाठी मी असलं पितळ वापरत नाही आणि इतरांनाही तेच सांगतो. सात मिलिमीटर रेमिंग्टन मॅग्नमसारख्या पट्टेवाल्या काडतुसांत पट्ट्याच्या जरा वर असाच फुगवटा राहतो.

रिकामी पुंगळी दांडा न थबकता बसते, पण भरलेलं काडतूस घट्ट जातं? मग साइझिंग डायला अजिबात हात लावायचा नाही. बिघाड त्यानंतरच्या कामात आहे. इथेच लोक सगळ्यात जास्त वेळ वाया घालवतात, कारण सवयीने पहिला हात साइझिंग डायकडे जातो.

या चाचणीसाठी एक खोटं काडतूस करा: साइझ केलेली पुंगळी, त्यात फक्त गोळी बसवलेली, प्रायमर आणि दारू नाही. तेही काळं करून बघा. खुणा गोळीवर, आणि त्या रायफलिंगच्या (नळीच्या आतल्या पिळाच्या आट्यांच्या) रेघांसारख्या ठरावीक अंतरावर असतील, तर गोळी फार बाहेर बसली आहे. मॅन्युअलमधली एकूण लांबी त्यात दिलेल्या गोळीची असते. दुसऱ्या बनावटीच्या गोळीचा फुगीर भाग पुढे असला तर त्याच लांबीला ती रायफलिंगला भिडते. भिडलेल्या गोळीने दाब वाढतो, आणि न झाडता काडतूस काढायला गेलात तर गोळी नळीत अडकून राहते आणि दारू अ‍ॅक्शनभर सांडते. शिकारीच्या काडतुसात रायफलिंगपासून अंतर ठेवाच.

खांद्याच्या कोपऱ्यावर, खांदा अंगाला मिळतो तिथे रंग पुसला गेला असेल आणि तुम्ही क्रिंप करत (पुंगळीचं तोंड गोळीवर आवळत) असाल, तर कारण जवळपास नक्की आहे. सीटिंग डाय (गोळी बसवणारा साचा) फार खाली आहे किंवा पुंगळ्या कमीजास्त लांबीच्या आहेत. लांब पुंगळीचं तोंड क्रिंपच्या कडेला आधी लागतं, मान खाली दाबली जाते आणि खांदा बाहेर फुगतो. हा फुगवटा डोळ्याला दिसत नाही, बोल्टला मात्र कळतो. सगळ्या पुंगळ्या एका लांबीला ट्रिम करा (.३०८ ची कमाल लांबी २.०१५ इंच, ट्रिम २.००५ ला; .३०-०६ ची २.४९४, ट्रिम २.४८४ ला), तोंडाचे बर (कापल्यावर राहिलेली खरखरीत कड) काढा, आणि गोळी बसवणं व क्रिंप ही दोन कामं वेगवेगळ्या फेरीत करा. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये मानेची पकड चांगली असेल तर क्रिंपशिवायही बहुतेकांचं भागतं.

ट्रिम न केलेली पुंगळी क्रिंप नसतानाही त्रास देते. तोंड चेंबरच्या टोकाला टेकतं, झाडताना गोळीवरची पकड सुटायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. त्यामुळे तोंडाच्या कडेवर रंग पुसलेला दिसला तर ते काडतूस नुसतं घट्ट आहे असं समजू नका.

मानेवरच सगळीकडे घासलंय, असं क्वचित निघतं. .३०-०६ ची पुंगळी दाबून .२७० केली की मानेची भिंत जाड होते. गोळी बसली की मान बाहेर फुगते. विकत घेतलेलं .२७० चं पितळ वापरलं की प्रश्न मिटतो.

कुठेच रंग गेलेला नाही आणि तरी भरलेलं काडतूस जड जातं? बुडावर बोट फिरवा. प्रायमर पृष्ठभागापेक्षा वर वाटला तर तो पूर्ण बसलेला नाही. तो तीन ते पाच थाऊ आत हवा. वर राहिलेला प्रायमर बोल्टच्या तोंडाला लागतो, ते धोक्याचं आहे. कारण बहुतेक वेळा प्रायमरच्या खाचेतली काजळी, किंवा लष्करी पितळेत खाचेचा क्रिंप न काढणं. भरलेल्या काडतुसाचा प्रायमर प्रेसवर आत ढकलायचा प्रयत्न करू नका. गोळी आणि दारू आधी काढा. रिमवर (बुडाच्या कडेवर) एक्स्ट्रॅक्टरने (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याने) उचललेला बर असेल तर तोही बोटाला लागतो. बारीक कानशीने तेवढाच साफ करा.

ओहायो, आयोवा, मिशिगनचा दक्षिण भाग इथल्या मंडळींसाठी एक टीप. तिथे हरणासाठी सरळ अंगाची काडतुसं चालतात आणि .४५० बुशमास्टर, .३५० लेजंड यांना खांदाच नसतो. ही काडतुसं तोंडावर टेकून बसतात. त्यामुळे वर खांद्याबद्दल लिहिलेलं त्यांना लागू नाही, आणि पुंगळी जास्त कापणं किंवा तोंड आत वळेल असा क्रिंप देणं चूक. तोंड फक्त सरळ करायचं असतं.

घट्ट जाणारी भरलेली बॅच हाताशी आहे, तिचं काय करायचं? भरलेलं काडतूस साइझिंग डायमध्ये घालायचं नाही, कुणी काहीही सांगो. पुलरने गोळ्या काढा. कोलेट पुलर प्रेसवर बसतो आणि गोळीला कमी इजा करतो. हातोडीसारखा पुलर स्वस्त आहे, पण त्यात शेल होल्डर न घालता त्याचीच रिंग वापरा आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. दारू कुठली आहे याची शंभर टक्के खात्री असेल तरच ती तिच्याच डब्यात परत, नाहीतर लॉनवर पातळ पसरून टाका. पुंगळ्या एका वेळी एक काळी करून तपासा आणि खांदा, लांबी, प्रायमर यातलं जे सापडेल तेवढंच दुरुस्त करा.

दुरुस्त केलेल्या बॅचमधलं शिकारीला नेण्याचं प्रत्येक काडतूस मोसमाआधी रेंजवर, नळी बांधाकडे रोखून आणि फायरिंग पिन परत बसवलेल्या त्याच रायफलीत, मॅगझिनमधून एकदा भरून न झाडता काढा. टेक्सासचा मुख्य मोसम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी उघडतो, विस्कॉन्सिनचा थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी आणि तो नऊच दिवस असतो. ही तपासणी त्याआधी निदान दोन आठवडे करा. जे काडतूस जरा जरी अडलं ते वेगळ्या डब्यात, वर लाल खूण करून ठेवा. डब्यावर पुंगळ्यांची बनावट, कितव्यांदा भरल्या, ट्रिम लांबी आणि कंपॅरेटरचा आकडा लिहा. पुढच्या वर्षी बोल्ट पुन्हा जड झाला तर आकडा किती थाऊ सरकलाय ते मोजून लगेच कळेल.